विद्यापीठांच्या नियामक मंडळांवरील सदस्यांसाठी कमाल वयोमर्यादा असावी का?

सीमाभागी_वाचक

सार्वजनिक विद्यापीठाच्या सर्वोच्च मंडळावर बसणाऱ्या व्यक्तीला वयाची वरची मर्यादा असावी की नसावी, या प्रश्नावर येथील सदस्यांची मते जाणून घ्यावीत, म्हणून हा धागा काढत आहे.

आपल्याकडे कर्नाटक राज्य विद्यापीठ कायदा २००० लागू आहे आणि त्यानुसार विद्यापीठाचा कारभार मुख्यतः सिंडिकेट चालवते. महाविद्यालयांची संलग्नता, अंदाजपत्रक, नेमणुका, इमारतींची कामे आणि परीक्षांविषयीचे महत्त्वाचे निर्णय याच मंडळासमोर येतात. कुलगुरू आणि पदसिद्ध अधिकारी सोडले, तर सरकारने नेमलेले सहा सदस्य आणि कुलपतींनी नेमलेले सदस्य यांचे मंडळातील वजन मोठे असते. राज्य सरकारचा कर्मचारी साठाव्या वर्षी निवृत्त होतो आणि कुलगुरूपदाला वयाची अट असते. त्या कुलगुरूच्या प्रस्तावांना मंजुरी देणाऱ्या नियुक्त सदस्याला मात्र वय विचारू नये, ही विसंगती मला पटत नाही. वयाची ७० वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीची नियुक्ती करू नये, असे माझे मत आहे.

या मागणीत वडीलधाऱ्यांविषयी अनादर नाही. आपले बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० साली कर्नाटक विद्यापीठापासून वेगळे झाले, म्हणजे ते अजून घडत आहे, आणि घडत्या संस्थेचे निर्णय घेणाऱ्यांना त्या निर्णयांचे परिणाम पुढे पंधरावीस वर्षे पाहता यावेत, एवढीच माझी अपेक्षा आहे.

निवृत्त_प्राचार्य

आपला मुद्दा सद्हेतूने मांडलेला आहे हे मान्य करून मी त्याला ठाम विरोध नोंदवतो.

आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण घ्या. गोकाक तालुक्यातील ममदापूरचे डी. सी. पावटे १८९९ साली जन्मले, १९५४ मध्ये कर्नाटक विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९६७ पर्यंत त्या पदावर राहिले. धारवाडच्या त्या टेकडीवर आज जे विद्यापीठ उभे आहे, त्याचा मोठा भाग त्यांच्या वयाच्या पंचावन्न ते अडुसष्ट या काळात उभा राहिला. त्यानंतर ते पंजाबचे राज्यपाल झाले. महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले ते १९१६ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. ज्या वयात आज महाराष्ट्र सरकार आपल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना निरोप देते, त्या वयात या माणसाने नवे विद्यापीठ काढले आणि सत्तरी ओलांडल्यावर त्याच्या प्रचारासाठी व निधीसाठी परदेशप्रवास केला. आपली अट तेव्हा असती, तर स्वतः स्थापन केलेल्या विद्यापीठाच्या मंडळावर बसायला कर्वे अपात्र ठरले असते.

दुसरी गोष्ट कामाची आहे. संलग्नतेसाठी येणाऱ्या पाहणी समितीत मी अनेकदा काम केलेले आहे. कागदावर प्रयोगशाळा असते, ग्रंथालय असते, पूर्णवेळ प्राध्यापकांची यादीही असते. ती यादी खरी आहे की शेजारच्या महाविद्यालयातून एका दिवसापुरती आणलेली आहे, हे हजेरीपट आणि पगारपत्रक शेजारी ठेवून कसे तपासायचे, हे ज्ञान कोणत्याही परिपत्रकात लिहिलेले नसते. ते तीस वर्षे नोकरी केल्यावर येते. सिंडिकेटमध्ये अशा दोन-तीन व्यक्ती असल्याच पाहिजेत आणि निवृत्तीनंतरच त्या कोणाच्याही दबावाशिवाय बोलू शकतात.

वडगावची_विद्या

प्राचार्य सर, आपल्याविषयी आदर ठेवूनच लिहिते. मी नुकतीच पदवी घेतलेली आहे. आमच्या तुकडीने २०२१ नंतर काय पाहिले ते सांगते.

राज्याने नवे राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२१-२२ पासून पदवीला लागू केले. चार वर्षांची ऑनर्स पदवी, खुले ऐच्छिक विषय, नवी श्रेयांक पद्धत, सारे एकदम आले. त्याच सुमारास प्रवेशापासून निकालापर्यंतचे सगळे काम यूयूसीएमएस या एकाच संगणकीय प्रणालीवर गेले. मग २०२४-२५ पासून राज्य पुन्हा तीन वर्षांच्या पदवीकडे वळले. एकाच महाविद्यालयाच्या एकाच आवारात दोन नियमावलींखाली शिकणारे विद्यार्थी होते. प्रणालीवर एक निकाल, हातात दुसरा, आणि मार्क्स कार्ड मागायला गेले की ‘वरून दुरुस्ती व्हायची आहे’ हे उत्तर, असा अनुभव माझ्या कितीतरी मैत्रिणींना आला. पुण्याला किंवा कोल्हापूरला एम.ए.ला प्रवेश घेणाऱ्यांची तर मोठीच कुचंबणा झाली, कारण तिकडची तारीख आपल्या निकालासाठी थांबत नाही.

ज्यांच्या हाती हे ठरवणे होते, त्यांच्यापैकी किती जणांनी स्वतः त्या प्रणालीत एकदा तरी अर्ज भरून पाहिला असेल? वयाने माणूस अपात्र होतो असे मी म्हणत नाही. मात्र ज्या टेबलाभोवती निर्णय होतात, तेथे आमच्या अडचणीतून गेलेले कोणीही नसेल, तर ती अडचण विषयपत्रिकेवरच येत नाही.

निवृत्त_प्राचार्य

विद्याताई, आपली तक्रार रास्त आहे. परंतु ती प्रणाली राज्यपातळीवरची आहे आणि दोन्ही धोरणेही वरून आलेली आहेत. सिंडिकेटचे सरासरी वय तीस असते, तरी मार्क्स कार्डाचा प्रश्न तसाच राहिला असता.

कायद्याचा_विद्यार्थी

चर्चा तत्त्वाच्या पातळीवर नेण्याआधी आपल्या देशात वयाची मर्यादा कोठे आहे आणि कोठे नाही, ते पाहावे.

संविधानाच्या अनुच्छेद १२४ नुसार सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश ६५ वर्षांपर्यंत आणि अनुच्छेद २१७ नुसार उच्च न्यायालयाचा न्यायाधीश ६२ वर्षांपर्यंत पदावर राहतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या सदस्यांना ६५ आणि राज्य आयोगाच्या सदस्यांना ६२ अशी मर्यादा अनुच्छेद ३१६ मध्ये आहे. केंद्रीय विद्यापीठ कायदा २००९ कुलगुरूला ७० वर्षांपर्यंत मुभा देतो, तर शेजारच्या महाराष्ट्राचा २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा कुलगुरूला ६५ व्या वर्षी थांबवतो. याउलट लोकसभेसाठी किमान २५ आणि राज्यसभेसाठी किमान ३० वर्षांची अट आहे, पण वरची मर्यादा कोठेही नाही.

यातून मला एक सूत्र दिसते. जो निवडून येतो, त्याच्या वयाचा निवाडा मतदार करतात. ज्याची नेमणूक होते, त्याला मतदारांसमोर जावे लागत नाही, म्हणून त्याच्यासाठी कायदाच रेषा आखतो. सिंडिकेटचा सरकारनियुक्त सदस्य दुसऱ्या गटात मोडतो, त्यामुळे त्याच्यासाठी मर्यादा असणे तत्त्वाला धरूनच होईल.

रेषा कोठे आखावी, यासाठी दोन नमुने उपयोगी पडतील. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना ७० वर्षांची मर्यादा घालण्याची लोढा समितीची शिफारस सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१६ मध्ये स्वीकारली. कंपन्यांच्या बाबतीत सेबीचा नियम अधिक लवचीक आहे: शेअर बाजारात सूचिबद्ध असलेल्या कंपनीत ७५ वर्षांवरील अकार्यकारी संचालक नेमायचा असेल, तर भागधारकांचा विशेष ठराव लागतो आणि कारण लिहून द्यावे लागते. एप्रिल २०१९ पासून हा नियम लागू आहे. पहिला नमुना दार बंद करतो. दुसरा दार उघडे ठेवतो, पण कारण उघडपणे सांगायला लावतो.

घटप्रभा

लिंगडोह समितीचा उल्लेख राहून गेला. विद्यार्थी संघाची निवडणूक लढवायला पदवीच्या विद्यार्थ्याला १७ ते २२ आणि संशोधक विद्यार्थ्याला २८ वर्षांपर्यंतची अट त्या समितीने घातली व २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. विद्यार्थी ‘फार मोठा’ होऊ नये याची एवढी काळजी घेणाऱ्या व्यवस्थेने वरच्या मंडळांबाबतही तोच विचार करायला हवा.

निपाणीकर

मला या प्रश्नाची सीमाभागातील बाजू मांडायची आहे, कारण ती अद्याप कोणीच मांडलेली नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मराठी विद्यार्थ्यांची मोठी संख्या असलेली महाविद्यालये आहेत. मराठी हा विषय पदवीला टिकवायचा, त्याची अभ्यास मंडळे भरलेली ठेवायची, निवृत्त झालेल्या मराठीच्या प्राध्यापकाची जागा रिकामी राहू द्यायची नाही, ही कामे कोणीतरी मंडळात बसून चिकाटीने करावी लागतात. असे काम करू शकणारी, ज्यांच्या शब्दाला कन्नड सहकाऱ्यांमध्येही मान आहे अशी मराठी माणसे किती आहेत? जी आहेत त्यांतील बहुतेकांनी पासष्टी ओलांडलेली आहे. बहुसंख्याकांना एक ज्येष्ठ गेला तर दहा पर्याय उपलब्ध असतात. आपल्याकडे एक गेला, की ती खुर्ची आपल्या हातून कायमची जाण्याची भीती असते. सरसकट वयोमर्यादेचा फटका अल्पसंख्य भाषकांना अधिक बसतो, हे लक्षात घेतल्याशिवाय आकडा ठरवू नये.

तसेच पलीकडे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात आजही अधिसभा (सिनेट) आहे आणि नोंदणीकृत पदवीधर तिच्यावर दहा प्रतिनिधी निवडून देतात. आपल्याकडे २००० च्या कायद्याने अधिसभाच गेली. निवडणूक असती, तर मराठी पदवीधरांनी आपला तरुण प्रतिनिधी स्वतः पुढे आणला असता आणि वयाचा प्रश्न आपोआप सौम्य झाला असता.

खानापूर_रोड

निपाणीकर, अधिसभेबाबत आपल्याशी पूर्ण सहमत आहे. ज्येष्ठांशिवाय मराठीचा आवाज उरणार नाही, हे मात्र मला मान्य नाही.

१९५६ पूर्वी हा जिल्हा मुंबई राज्यात होता. त्या काळात किंवा त्यानंतर लगेच शिकलेल्या आपल्या पिढीचे शिक्षण मराठीत झाले, व्यवहार कोल्हापूर-पुण्याशी राहिला, आणि कन्नड बोलता आले तरी कन्नडमधील दहा पानी टिपणी वाचून त्यातील एका कलमावर आक्षेप घेणे अनेकांना जड जात असे. आजचा खानापूरचा मुलगा मराठी शाळेत शिकला तरी पहिल्या इयत्तांपासून कन्नड वाचतो, कन्नडमधून सरकारी परीक्षा देतो आणि घरी मराठीच बोलतो. इतिवृत्त कन्नडमध्ये आले, तर त्याला दुसऱ्याकडून अर्थ विचारावा लागत नाही. मराठीची बाजू कन्नडमधून, कायद्याच्या भाषेत आणि न चिडता मांडू शकणारी पिढी आत्ता चाळिशीच्या आत आहे. तिला आणखी वीस वर्षे दाराबाहेर थांबवणे आपल्यालाच परवडणारे नाही.

निपाणीकर

आपल्या म्हणण्यात तथ्य आहे. माझा आग्रह एवढाच, की ज्येष्ठ बाहेर जाण्याआधी तरुण आत आलेला असावा. सध्याच्या चर्चेत बाहेर काढण्याची तरतूद स्पष्ट आहे, आत आणण्याची नाही.

मलप्रभाकाठ

वय आणि मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि या धाग्यात त्या एकमेकींत मिसळत आहेत, असे मला वाटते. यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, तेव्हा त्याच्या सिनेटवर नेमलेले फेलो, म्हणजे सदस्य, तहहयात असत. हळूहळू ती मंडळी संख्येने भरमसाट वाढली, अनेकांचा शिक्षणाशी काहीही संबंध उरला नाही, काही जण तर सभेला येतही नसत. कर्झनने १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने ही पद्धत मोडली, फेलोंची संख्या जास्तीत जास्त शंभरावर आणली आणि मुदत पाच वर्षांची केली. वरवर पाहता ही सुधारणाच होती. तरीही गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्या कायद्याला कडाडून विरोध केला. ते स्वतः तिशीच्या आत, १८९५ मध्ये, मुंबई विद्यापीठाचे फेलो झालेले होते, त्यामुळे तरुणांना वाव नको असे त्यांचे म्हणणे असणे शक्यच नव्हते. त्यांचा आक्षेप होता तो सरकारच्या हाती जाणाऱ्या सत्तेला. निवडून येणाऱ्यांची संख्या अगदी थोडी, बाकी सगळे सरकारच्या मर्जीतले, आणि मुदत संपली की पुन्हा नेमायचे की नाही हे सरकारच ठरवणार. असा सदस्य पाच वर्षे सरकारचे तोंड पाहूनच मत देईल, ही भीती खरी होती.

आज आपल्यासमोर नेमका तोच पेच आहे. सिंडिकेटच्या नियुक्त सदस्याची मुदत तीन वर्षांची आहे. तीन वर्षांनी पुन्हा नेमणूक व्हावी असे ज्याला वाटते, तो पन्नाशीचा असो वा पंच्याहत्तरीचा, मंत्रालयाकडे पाहूनच हात वर करणार. म्हणून मला वयाच्या मर्यादेपेक्षा पुनर्नियुक्तीवरील बंदी महत्त्वाची वाटते. एका व्यक्तीला एका विद्यापीठात आयुष्यात एकच पूर्ण मुदत, फार तर दुसरी, आणि तीही सलग नको. त्याने ज्येष्ठांचा अनुभव मिळेल, खुर्ची कोणाचीही जहागीर होणार नाही, आणि तरुणांसाठी दर तीन वर्षांनी जागा रिकामी होईल.

बेळगुंदी

हा मुद्दा सर्वांत पटला. एका खाजगी शिक्षणसंस्थेच्या कार्यकारी मंडळात एकाच गृहस्थांना पिढ्यान्‌पिढ्या बसलेले मी पाहिले आहे. ते तेथे चाळिशीत आले होते. वयाची मर्यादा असती, तरी तीस वर्षे ती त्यांना लागू झाली नसती.

टिळकवाडी_संशोधक

मुदतीच्या मर्यादेला माझा पाठिंबा आहे, परंतु तिच्या जोडीला वयोमर्यादाही हवी, कारण दोन्ही वेगवेगळे काम करतात. मुदतीची मर्यादा एका व्यक्तीला थांबवते. वयोमर्यादा सरकारची सवय थांबवते. सध्या नेमणूक करताना शोध निवृत्तांच्या यादीतूनच सुरू होतो, कारण निवृत्त माणूस मोकळा असतो, ओळखीचा असतो आणि मानाचे पद दिल्याचे समाधानही मिळते. सदस्य बदलतो, पण नवा सदस्यही सत्तरीचाच असतो.

वडगावची_विद्या

एक शंका आहे. स्त्रियांच्या बाबतीत कमी वयोमर्यादा अन्यायाची ठरणार नाही का? आमच्या महाविद्यालयातील ज्या प्राध्यापिकांकडे मी आदर्श म्हणून पाहते, त्यांनी मुले मोठी झाल्यावर पीएच.डी. केली, पन्नाशीनंतर विभागप्रमुख झाल्या. पुरुष सहकाऱ्याला जो अनुभव पन्नासाव्या वर्षी मिळाला, तो त्यांना साठाव्या वर्षी मिळाला. मर्यादा ६५ ठेवली, तर त्यांना मंडळात जेमतेम एक मुदत मिळेल.

निवृत्त_प्राचार्य

विद्याताई, हा मुद्दा मी मांडायला हवा होता तो आपण मांडलात. माझ्या कारकिर्दीत पाहिलेल्या सर्वांत परखड पाहणी सदस्य एक बाई होत्या आणि त्यांचे ते काम साठीनंतरच सुरू झाले.

आणखी एक विचार मांडतो. ज्या दोन धोरणांची चर्चा वर झाली, त्यांचे कर्ते कोण, तेही पाहावे. राष्ट्रीय धोरणाचा मसुदा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष कस्तुरीरंगन यांचा जन्म १९४० चा. ज्यांच्या अंतरिम शिफारशीनंतर कर्नाटकाने तीन वर्षांची पदवी परत आणली, त्या राज्य शिक्षण धोरण आयोगाचे अध्यक्ष सुखदेव थोरात यांचा जन्म १९४९ चा. दोघांनीही हे काम सत्तरीनंतर केले आणि दोघांचे निष्कर्ष परस्परविरोधी निघाले. वयावरून विचारांची दिशा ठरत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

कायद्याचा_विद्यार्थी

सर, आयोग शिफारस करतो आणि विसर्जित होतो. नियामक मंडळ निर्णय घेते, पैसा मंजूर करते आणि त्याच्या परिणामांना उत्तरदायी असते. सत्तरी ओलांडलेल्या विद्वानाचा सल्ला घेण्यास कोणाचाच विरोध नाही. विशेष निमंत्रित म्हणून त्यांना बोलावण्याची सोय ठेवता येईल. मताचा अधिकार आणि सल्ल्याचा मान यांत फरक ठेवावा, असे माझे म्हणणे आहे.

घटप्रभा

प्रकृतीचा प्रश्न कोणी काढला नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. विजयापूरहून भुतरामहट्टीच्या विद्यापीठ आवारातील बैठकीला यायचे, म्हणजे जाण्यायेण्यातच दिवस संपतो. वय विचारण्याऐवजी हजेरी विचारा. सलग तीन बैठकांना कारणाशिवाय गैरहजर राहणाऱ्याचे सदस्यत्व रद्द व्हावे, मग तो कितीही वर्षांचा असो.

सीमाभागी_वाचक

सर्वांनी इतक्या गांभीर्याने लिहिल्याबद्दल आभारी आहे. या चर्चेतून एक निवेदन तयार करून ते बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमधील हिवाळी अधिवेशनाच्या वेळी आपल्या भागातील आमदारांना द्यावे, असा विचार आहे, कारण या कायद्यात दुरुस्ती करायची तर ती विधिमंडळालाच करावी लागेल.

निवेदनात मी पुढील मागण्या घालू इच्छितो. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीची नव्याने नियुक्ती होऊ नये. अपवाद करायचाच असेल, तर सेबीच्या नियमाप्रमाणे त्याचे कारण नियुक्तीच्या आदेशातच छापले जावे. कोणत्याही सदस्याची सलग दुसऱ्यांदा नियुक्ती होऊ नये. सरकार नेमत असलेल्या सहांपैकी किमान एक जागा पस्तीस वर्षांखालील पदवीधरासाठी असावी, आणि ही तरतूद वयोमर्यादेच्या आधी लागू व्हावी. हा शेवटचा क्रम निपाणीकरांच्या आग्रहामुळे घातला आहे.

निवृत्त_प्राचार्य

सत्तरऐवजी पंच्याहत्तर केल्यास मी सही करीन. पुनर्नियुक्तीवरील बंदी आणि तरुणांची जागा यांना माझा आत्ताच पाठिंबा आहे.

टिळकवाडी_संशोधक

पंच्याहत्तर केल्यास मर्यादा नावापुरती राहील. सत्तरच राहू द्यावी, छापील कारणासह अपवादाची वाट प्राचार्य सरांच्या शंकेला पुरेशी आहे.

खानापूर_रोड

टिळकवाडीवाल्यांशी सहमत. पस्तीस वर्षांखालील सदस्य मात्र कोणत्याही राजकीय पक्षाचा पदाधिकारी नसावा, ही अट जोडा, नाहीतर ती जागा पक्षांच्या युवा शाखांकडे जाईल.

कायद्याचा_विद्यार्थी

मसुदा लिहिताना वय कोणत्या दिवशी मोजायचे, ते स्पष्ट करावे. नियुक्तीच्या दिवशी ७० पूर्ण नसावीत असे लिहिले, तर ६९ व्या वर्षी नेमलेला सदस्य आपली तीन वर्षे पूर्ण करू शकेल. पदावर असताना ७० पूर्ण होताच सदस्यत्व संपेल असे लिहिले, तर मुदतीच्या मध्येच जागा रिकामी होईल, उरलेल्या काळासाठी सरकार आपल्या सोयीचा माणूस नेमेल आणि मलप्रभाकाठ यांनी सांगितलेला धोका मागच्या दाराने आत येईल. माझ्या मते पहिली पद्धत घ्यावी. कलमाचा मसुदा रविवारपर्यंत येथेच टाकतो, सर्वांनी तपासून द्यावा.